ढोलकीतला टक्

धम्मानंदचा कान तिखट आहे, असं पाथरीत कुणीही सांगेल. डोकं त्याहून तिखट आहे, हे फक्त त्याची बायको बबिता सांगेल, तेही माहेरी गेल्यावर. मागच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून त्यानं घरच्या घरी स्टुडिओ केला होता. एक कॉम्प्युटर, दोन स्पीकर, एक माइक, बस्स. तिथून दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीची गाणी निघायची आणि तालुकाभर डीजेवर वाजायची. गाण्यांतली ढोलकी त्याच्या वडिलांची, आश्रुबांची. जन्मभर गायन पार्टीत वाजवलेलं बोट ते. आता वयामुळं त्यांना फार वेळ मांडी घालून बसवत नव्हतं, म्हणून धम्मानंदनं त्यांचा एकेक ठोका सुटा रेकॉर्ड करून घेतला होता. ही त्याची सॅम्पल. ती तो हवी तशी जोडून ठेका बांधायचा.

जोडण्याआधी साफ करायचा. इक्वलायझरमध्ये आवाज पडद्यावर उभा राहतो, डावीकडं घुमणारा भाग, उजवीकडं किणकिणणारा. जो भाग नको तो खाली ओढायचा, हवा तो वर उचलायचा. आश्रुबांच्या प्रत्येक ठोक्यात साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास एक टोकदार सुळका यायचा. धम्मानंदनं तो मुळापासून छाटला. पहिलं गाणं ऐकून आश्रुबा म्हणाले होते की यात काहीतरी कमी आहे. धम्मानंदनं हसून सांगितलं, कमी नाही दादा, साफ आहे. ते राहिलं असतं तर डीजेवर कानाला टोचलं असतं.

यंदा मार्चमध्ये तो केबल आणायला परभणीला गेला. स्टेशनकडून येणाऱ्या ऑटोत दत्तरावचं नवं गाणं लागलं होतं. हा दत्तरावही धम्मानंदसारखाच घरी बसून गाणी करणारा, परभणीचा. दोन ओळी झाल्या, ढोलकी सुरू झाली आणि धम्मानंदचे कान टवकारले. हा हात आपल्या बापाचा. यात शंकाच नव्हती.

शंका होती ती चोर कोण याची, आणि तीही ऑटोतून उतरेपर्यंत मिटली. सॅम्पलचा पेन ड्राइव्ह आणखी एकाच माणसाच्या खिशात असायचा. पंडित. कीबोर्डवाला, दहा वर्षांचा जोडीदार. मग सगळं आपोआप जुळत गेलं. पंडितनं नवा मोबाइल घेतला होता. गेल्या महिन्यात तो दोनदा परभणीला जाऊन आला, विचारलं तर काम होतं म्हणाला. धम्मानंद दिसला की हल्ली फोन उलटा ठेवायचा. आधी यातलं काहीच खटकलं नव्हतं. आता पंडितचं शिंकणंसुद्धा संशयास्पद वाटू लागलं.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडजवळच्या टपरीवर, चांगल्या पंधरा-वीस माणसांसमोर, धम्मानंदनं हात पुढं केला.

"पेन ड्राइव्ह दे. दत्तरावला दिलास तेवढं बस झालं."

पंडितच्या हातातला चहा तसाच राहिला. त्यानं एकदा धम्मानंदकडं पाहिलं, खिशातून पेन ड्राइव्ह काढला, तळहातावर ठेवला आणि निघून गेला. खरा असता तर भांडला असता, असं धम्मानंदनं त्या पंधरा-वीस जणांना समजावून सांगितलं.

पण जयंती तीन आठवड्यांवर आलेली आणि गाण्यात कीबोर्डच नाही. शिवाय लोक कुजबुजू लागले की पुरावा काय. धम्मानंद पुरावा काढायला बसला. दत्तरावचं गाणं कॉम्प्युटरवर घेतलं आणि इक्वलायझरची अरुंद पट्टी पूर्ण वर उचलून डावीकडून उजवीकडं सरकवत नेली. साडेतीन हजारावर आली आणि स्पीकरमधून आवाज आला, टक्. पुन्हा, टक्. प्रत्येक ठोक्याबरोबर.

तो खुर्चीत मागं रेलला. हा टक् पेन ड्राइव्हवर नव्हताच. तिथं छाटून सेव्ह केलेली सॅम्पल होती; जे काढलं ते पंडितनं आणलं कुठून? टक् असलेलं मूळ रेकॉर्डिंग फक्त या कॉम्प्युटरमध्ये होतं. आणि याचा पासवर्ड ठाऊक होता बबिताला. बबिता गेल्या महिन्यात बहिणीकडं म्हणून परभणीला गेली होती. धम्मानंद तसाच उठून स्वयंपाकघरात गेला आणि कॉम्प्युटरला कोण हात लावतं, असं त्यानं बायकोला विचारलं.

बबितानं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले.

"पंडितभाऊजी झाले, आता मी का?" ती म्हणाली. "दोन दिवस झाले तुमी त्या डब्याला कान लावून बसलाव. घरातलं मानूस काय म्हनायलंय ते ऐका की कदी. जा, मामाला इचारा."

तिचे मामा, म्हणजे सासरे आश्रुबा, अंगणात बाजेवर बसले होते, ढोलकीची दोरी ताणत. उजव्या हाताच्या बोटात चांदीची जाड अंगठी होती. थाप कशी बसलीय ते पाहायला त्यांनी एक ठोका मारला. अंगठी लाकडाच्या कडेला लागली.

टक्.

धम्मानंद होता तिथंच उभा राहिला. आणि मग त्याला हेही कळलं की दत्तरावच्या गाण्यात दोन टक् सारखे नव्हते. सॅम्पल असतं तर सगळे एकाच साच्यातले आले असते. तिथं माणूस बसून वाजवत होता.

"दादा, दत्तरावकडं तुमी गेलते?"

"गेलतो. पंडितनं गाडीवर नेलं, दोन बार. धम्माला सांगू म्हनत व्हता. म्याच शपथ घातली त्याला."

"कामून?"

आश्रुबा अंगठी बोटात फिरवत राहिले. "तुह्या मायच्या जोडव्याची हाय ही. ती गेली तवापून म्या हिच्याबिगर वाजीवलं न्हाई. तुह्या गान्यात हात माझा हाय, पर ती न्हाई. एक बार तरी दोघांचं संगं यावं वाटलं."

धम्मानंदला मान वर करवेना. आईला त्यानं स्वतःच्या हातानं, माउस धरून, पुसून टाकलं होतं. आणि ज्यानं म्हाताऱ्याला दिलेला शब्द पाळला, त्याला भर टपरीवर चोर ठरवलं होतं. लाज वाटली, नुसती लाज.

दुपारी त्यानं मूळ ठोके पुन्हा पेन ड्राइव्हवर घेतले, न छाटता. मग तो पंडितच्या घरी गेला. दारात सविता होती, पंडितची बायको. ते घरी न्हाईत, ती म्हणाली. पंडितच्या चपला तिच्या पायाशीच होत्या. धम्मानंद, बरं वहिनी, म्हणून पायरीवर बसला आणि मोबाइलवर तेच ठोके लावले. आत कीबोर्ड वाजत होता, तो थांबला.

"अंगठी कामून ठेवली?" आतून पंडितचा आवाज आला. "डीजेवर कानाला टोचंल की."

"टोचू दे," धम्मानंद म्हणाला. "माझं चुकलं, पंडित." त्यानं पेन ड्राइव्ह उंबऱ्याच्या आत धरला.

पंडित बाहेर आला, पण त्यानं हात पुढं केला नाही. चपला पायात सरकवल्या.

"हितं नको," तो म्हणाला. "जिथं घेतलास, तिथंच दे."

आणि तो स्टँडकडं चालू लागला. धम्मानंद पेन ड्राइव्ह मुठीत धरून त्याच्यामागं निघाला. चहाची वेळ होती; टपरी माणसांनी भरलेली असणार होती.