कावळा आणि चालू स्कूटर

केरूतात्या वारले तेव्हा आमच्या अवघ्या भावकीत यांत्रिक वाहन एकच होते, आणि ते माझ्याकडे होते. सन १९९४ ची ही गोष्ट. आकाशी रंगाची, लहानखुरी, सेकंडहँड स्कूटर. त्यामुळे माझ्या चुलत्यांच्या निधनाचा शोक सर्वांच्या वाट्याला सारखा आला, परंतु कामे मात्र एकट्या माझ्या वाट्याला आली. दहा दिवसांत मी त्या स्कूटरवरून गोवऱ्या, मडकी, पत्रावळी, न्हावी, आणि सटाण्याहून आलेले व एसटी लागल्यामुळे मार्गात दोनदा ओकलेले एक मावसकाका, असे सर्व काही वाहिले.

ह्या वाहनाला एकच व्यंग होते. ते माझ्या पायाने सुरू होत नसे. मी चाळीस चाळीस किका मारीत असे. मग माझी पत्नी संध्या पिठाने भरलेल्या हातांनिशी बाहेर येई, एक किक मारी आणि गाडी सुरू करून आत जाई. ह्याचे शास्त्रीय कारण मला आजतागायत गवसलेले नाही. तस्मात् मी एक युक्ती योजिली होती. सकाळी तिच्याकडून गाडी सुरू करून घ्यावयाची आणि सर्व कामे उरकून घरी परतेपर्यंत ती बंदच करावयाची नाही. पेट्रोल जाई, परंतु अब्रू राही. भावकीचा तर असा समज झाला होता की, हा मनुष्य फार कामाचा आहे, ह्याला गाडी बंद करण्याचीही सवड नसते.

दहाव्याच्या दिवशी मी रामकुंडावर सर्वांच्या आधी पोचलो आणि एका दगडी कट्ट्याला लागून गाडी चालू स्थितीत स्टँडवर लावली. नंतर गुरुजींनी नेमक्या त्याच कट्ट्यावर पिंड ठेवविला. तात्यांचा मुलगा दिनेश डोके भादरून हात जोडून बसला. गुरुजी इंजिनाच्या वर आवाज काढून मंत्र म्हणू लागले.

कावळे समोरच्या झाडावर पुष्कळ होते. एखादा उडे, पिंडापर्यंत येई, खालून फटफट ऐकून आणि सायलेन्सरचा धूर पाहून पुन्हा फांदीवर जाऊन बसे. अर्धा तास असाच लोटला.

"काही इच्छा राहिली का हो मागं?" गुरुजींनी विचारले. "बोला, बोला. माझी पुढची मंडळी खोळंबलीयेत. नाहीतर दर्भाचा कावळा करू."

"गवताचा कावळा नको," कमळाकाकू म्हणाल्या. "चाळीस वर्सं संसार केलाय. खराच येऊ द्या."

दिनेश म्हणाला, "तात्या, आईला मी नीट सांभाळीन."

कावळा हलला नाही.

"आधी जित्या माणसाला खरं वाटंल असं बोल," काकू म्हणाल्या, "मग मेलेल्याला सांग."

तात्यांचे जावई शेखरराव पुढे झाले. "मामा, आजपासून तंबाखू बंद." त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून पुडी बाहेर डोकावत होती. कावळ्याने मान फिरविली.

तेव्हा दिनेश माझ्याकडे वळला. त्याचा माझ्या गाडीवर पूर्वीपासूनच डोळा होता, हे मी येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

"दादा, तात्यांचा जीव तुझ्या गाडीत अडकलाय. शेवटपर्यंत म्हणत व्हते, दिन्याला एक गाडी पाह्यजे."

"मग देऊन टाक ना बाबा मल्हारी," काकू म्हणाल्या. "तुला सायकल हाय की."

"वाहनदानाचं पुण्य लय मोठं," शेखररावांनी पुस्ती जोडली.

सुमारे दीडशे नातलग माझ्याकडे पाहू लागले. खरे कारण केवळ मलाच ठाऊक होते. इंजिन बंद केले की कावळा येणार. परंतु मग ह्या दीडशे जणांसमोर मला किका माराव्या लागणार. न केले तर गाडी दिनेशच्या घरी जाणार. एकीकडे अब्रू, दुसरीकडे वाहन. मी क्षणभर विचार केला आणि वाहन निवडले. चालत गेलो, इंजिन बंद केले आणि किल्ली उपसली.

मी वळण्यापूर्वीच दोन कावळे उतरले आणि त्यांपैकी एकाने पिंडाला चोच मारली.

"शिवला! शिवला!" एकच कल्लोळ झाला. काकूंनी पदर डोळ्यांना लावला. दिनेश धावत आला, माझ्या पायांवर त्याने आपले गुळगुळीत मस्तक टेकले आणि माझ्या हातातील किल्ली घेतली. आपली कृती लोकांना कशी दिसली, हे तेव्हा कोठे माझ्या ध्यानी आले.

"अरे, मी दिली नाही, बंद केली! कावळा आवाजाला बिचकत होता."

"वा रे वा!" शेखरराव म्हणाले. "कावळ्यानं सही केल्यावर मागं फिरता व्हय?"

दिनेशने किक मारली. दहा मारल्या. वीस मारल्या. घामाने त्याचे डोके चकाकू लागले.

"दादा, ही चालू कशी करायची?"

"मला करता येत नाही," मी म्हणालो.

कोणाचाही विश्वास बसेना. "दाखव मारून," दिनेश म्हणाला. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सुरुवात केली. खोळंबलेली पुढची मंडळीही आकडे मोजू लागली. आयुष्यात प्रथमच, प्रत्येक किकेगणिक, ती सुरू होऊ नये म्हणून मी गोदामाईची करुणा भाकीत होतो. बावन्नाव्या किकेला गाडी एकदा खोकली. नंतर ती गप्प झाली. त्रेसष्टाव्या किकेला माझा पायच उचलेना.

"मग इतकं दिस फटफटत कसा फिरायचा रं तू?" काकूंनी विचारले.

"संध्या सकाळी चालू करून देते. म्हणूनच बंद करीत नाही."

प्रथम शेखरराव हसले, मग न्हावी, मग गुरुजी. दहा दिवसांत काकू प्रथमच हसल्या आणि हसता हसता खालीच बसल्या.

दिनेशने किल्ली माझ्या हातावर ठेवली. "नको रं दादा. घरी बायको नाय माझ्या. तात्यांनी असली नव्हती सांगितली."

मी रामकुंडापासून गंगापूर रोडवरच्या माझ्या घरापर्यंत गाडी ढकलीत नेली. भावकीने भाड्याने केलेल्या रिक्षा एकामागून एक माझ्याजवळून गेल्या. शेवटच्या रिक्षेतून शेखररावांनी मान बाहेर काढली.

"मल्हारदादा, बसता का? जागा हाय."

"नको," मी म्हणालो. "आमच्याकडे गाडी आहे."