पाचोडच्या असगंधाचा वास

मित्रांनो, मी पितळेचा एक म्हातारा खल. शहागंजात चांदपाशांचं जडीबुटीचं दुकान आहे, तिथं दाराजवळ माझी बैठक असते. मराठी गिऱ्हाईकं मला खलबत्ता म्हणतात, चांदपाशा हावनदस्ता म्हणतात. दोन्ही नावांना मी ओ देतो.

मला ओतलं ते चांदपाशांच्या आजोबांच्या काळात. तेव्हापासून हिरडा, सुंठ, ज्येष्ठमध, किती कायकाय माझ्या पोटात कुटलं गेलं. माझा ठणठणाट ऐकत लोक दुकान शोधत यायचे. पुढं दळायचं मशीन आलं आणि मी कोपऱ्यात पालथा पडलो. फक्त असगंधासाठी, म्हणजे तुमच्या अश्वगंधेसाठी, मला पुढं ओढलं जायचं. मशीनमध्ये मुळी तापते आणि तिचा वास उडतो, असं चांदपाशांचं ठाम मत होतं.

ही मुळी पाचोडजवळच्या एका खेड्यातून यायची. कडुबा आणि लीलाबाई या नवराबायकोचं तिथं वावर होतं. कडुबाची मुळी खडखडीत असायची. पहिल्याच घावाला टचकन मोडायची, आत पांढरीशुभ्र, आणि घोड्याच्या अंगासारखा उग्र वास दुकानभर सुटायचा. चांदपाशा दुसऱ्या कुणाचा असगंध घेतच नसत.

मग काहीतरी बिनसलं. मुळी मोडेना. घाव बसला की ती चेपायची, तिचे धागे निघून बत्त्याला गुंडाळायचे. वास तर नाकाशी धरल्याशिवाय येईना. पहिल्या वर्षी चांदपाशा काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षीही तेच झालं, तेव्हा मलासुद्धा वाटायला लागलं, यात कुणाचा तरी हात आहे.

त्यात मनकर्णाबाई आल्या. गुडघ्यांसाठी त्या वर्षानुवर्षं दुधातून हे चूर्ण घेत होत्या. हल्ली गुण येत नाही, म्हणाल्या, आणि चांदपाशांकडं अशा नजरेनं बघून गेल्या की ते दिवसभर धुमसत राहिले. त्या दिवसापासून ते कडुबाचं पोतं उपसून बघायला लागले. मुळी चावायचे, थुंकायचे. कडुबा जुना माल मिसळतो, नाहीतर रानातली भलतीच मुळं घालतो, असं मुलीला, महेजबीनला, सांगायला लागले. फोन करून विचारा ना अब्बा, असं ती म्हणाली. त्यांनी फोन केला. कडुबा हसून बोलला, तर त्यांना वाटलं लबाड हसतोय. मग तो जरा गप्प झाला, तर वाटलं चोरी पकडली गेली.

काढणीच्या दिवसांत ते न कळवता पाचोडच्या एसटीत बसले. मांडीवरच्या पिशवीत मी होतो. कडुबाच्या घरच्या खलावरही त्यांचा भरवसा उरला नव्हता.

वावरात लीलाबाई ताडपत्रीवर मुळ्या वाळत घालत होत्या. कडुबा आनंदानं पुढं आला. पिशवीतून मी बाहेर निघालो आणि त्याचं हसू मावळलं.

"हे कशाला आणलं, भाई?"

"कुटून बघायचंय."

"मुळी का मला?"

चांदपाशा सरळ नाल्याकडं वळले. नाल्याकाठच्या वाफ्यात वाकून त्यांनी स्वतःच्या हातानं एक झाड उपटलं. वर पाला दाट, हिरवागार, आणि खाली मुळी बोटभर, किडकिडीत, लाकडासारखी. बी बदललंस, असं ते कडुबाला तोंडावर म्हणाले. कडुबा लाल झाला. लीलाबाईंनी मात्र शांतपणे त्यांना वरच्या बरडावर नेलं. दगडगोट्यांची ती अरुंद पट्टी होती.

"इथलं उपटा, भाई," त्या म्हणाल्या. "तुमच्या मनाला येईल ते. बी एकच हाय, पेरणारे हात बी तेच."

मुळी निघाली ती जाड, सरळ. मग ताडपत्रीवरच्या दोन ढिगांतली वाळलेली मुळी माझ्यात पडली. खालच्या वाफ्यातली आधी: तेच धागे, तोच मेलेला वास. नंतर बरडावरची. ती टचकन मोडली, आणि चांदपाशांचा बत्ता हवेतच थांबला.

लीलाबाईंनी सगळं सांगितलं. असगंधाला उघडीप लागते, कोरडं लागतं. पूर्वी पेरणीनंतर पाऊस माघारी जायचा. आता दिवाळीपर्यंत कोसळतो, नाल्याकाठचं वावर पाण्यात उभं राहतं. झाड पाल्यावर जातं, मुळी भरतच नाही. बरडावर पाणी ठरत नाही म्हणून तेवढीच पट्टी वाचते. आधी का बोलला नाहीत, असं चांदपाशांनी विचारलं. तुम्ही बहाणा म्हणला असता, कडुबा म्हणाला. ते खरं होतं.

"माझा वहीम खोटा निघाला, कडुबा. माफ कर."

"वहीम गेला, भाई," कडुबा नाल्याकडं बघत म्हणाला. "पन वावरातलं पानी नाय गेलं."

परत येताना आमच्यासोबत बरडावरच्या मुळीची छोटीशीच पिशवी होती. पुढच्या वर्षी असगंध फक्त वर पेरायचा, खाली दुसरं काही, असं ठरलं होतं.

इतका थोडा माल बघून मनकर्णाबाईंचा संशय आणखी वाढला. चांगला असगंध कुणासाठी दडवून ठेवलात, असं त्यांनी सरळ विचारलं. चांदपाशा चिडले नाहीत. त्यांनी पोत्यातली जुनी धागेदार मुळी आणि बरडावरची मुळी माझ्याशेजारी ठेवली आणि बत्ता मनकर्णाबाईंच्याच हातात दिला. त्यांनी आधी एक कुटली, मग दुसरी. हात नाकाशी नेला. मग चांदपाशांनी त्यांना पाचोडच्या पावसाची सगळी हकीकत सांगितली.

"मग पुढच्या साली काय?" त्यांनी विचारलं.

चांदपाशा पिशवीतली उरलेली मुळी मोजायला लागले.

मित्रांनो, ऊन, थंडी, पाऊस वेळेवर मिळाले, तरच मुळीत गुण भरतो. औषध हलकं लागलं, तर माणसावर बोट ठेवण्याआधी ते कुठल्या वावरातून आलं आणि तिथं यंदा पाऊस कसा पडला, एवढं विचारा. मग तो पाऊस असा का बिघडला, आपल्या गाड्या-कारखान्यांच्या धुरानं हवा कशी तापली, तेही विचारा. तिथं संशय फिरत फिरत आपल्या सगळ्यांच्या दारात येऊन उभा राहील. तेव्हा दार लावून घेऊ नका.