उपळसरीची आठवण करून देणारी बाटली

मित्रांनो, मी रूट बिअरच्या अर्काची एक जुनी बाटली. नाव ऐकून दचकू नका. माझ्यामुळं नशाबिशा काही होत नाही, झाडाच्या मुळांच्या वासाचं गोड पेय तेवढं होतं. पण सौदीतल्या दम्माम शहरातल्या दुकानात माझं नाव वाचूनच गिऱ्हाइकं 'तोबा तोबा' करत पुढे सरकायची. मी आपली फळीवर धूळ खात बसले.

एके दिवशी नूरुद्दीननं मला उचललं, शेजारच्या दुसऱ्या कंपन्यांच्या दोन बाटल्यांसकट. तो मूळचा श्रीवर्धनचा, इथे एका कंपनीत स्टोअरकीपर. नोकऱ्या सौदी माणसांनाच द्यायच्या, असं वारं तेव्हा जोरात होतं. त्यानंच शिकवून तयार केलेला हम्माद आता त्याच्या खुर्चीत बसणार होता. पोरगा हुशार, तक्रारीला जागाच नव्हती. नूरुद्दीनची नोकरी मात्र खलास. गावी जाऊन थंड पेयांचं दुकान टाकायचं आणि शेजारच्या धाहरान शहरातल्या कँटीनमध्ये प्यायलेलं हे पेय विकायचं, असा त्याचा बेत होता. अर्क चुकला असता तर दुकान बसलंच असतं.

घरी आमची परीक्षा झाली. साखरेच्या पाकात थोडा अर्क, वर गार सोडा. खमीर घालून आंबवायचं नाही, नाहीतर त्याची दारू होईल, हे त्याच्या बायकोनं, इस्मतनं, आधीच बजावलं होतं. पहिला पेला तोंडाला लावताच लेक लाइबा ओरडली, "अब्बा, धिस इज टूथपेस्ट!" दुसऱ्याला इस्मतनं नाक मुरडलं. "अहो, हे प्यायचं की गुडघ्याला चोळायचं?"

मग माझी पाळी आली. इस्मतनं एक घोट घेतला, आणखी एक घेतला आणि पेला नाकाशी नेऊन हुंगू लागली. नूरुद्दीनचा जीव टांगणीला. "अगं, बोल तरी!"

"ही तर उपळसरी!" ती म्हणाली. "गावी आमच्या परसात वेल आहे तिचा. उन्हाळा लागला की अम्मी मुळ्यांचं सरबत करायची."

काय सांगू मित्रांनो, मला भारीच अभिमान वाटला! तिघींत मीच पसंत पडले होते. आता विमानात बसायचं, कोकण बघायचं, दुकानात मानानं मिरवायचं, असे मांडे मी मनातल्या मनात खाऊ लागले.

नूरुद्दीननं कपाळावर हात मारला. "वेल दारात असताना अर्क विकत कशाला न्यायचा? मुळ्यांचंच करू की!"

झालं. आठवण इतकी हुबेहूब करून दिली की माझी गरजच उरली नाही.

सामान बांधून झालं. रिकाम्या स्वयंपाकघरात ओट्यावर मी एकटीच उरले. नूरुद्दीन दिवा घालवायला आला, तेव्हा त्यानं मला हातात घेतलं.

"आपलं दोघांचं सारखंच झालं बघ," तो हळूच म्हणाला. "काम चोख केलं, हीच चूक."

मला वाटलं, आता कचऱ्यात टाकणार. पण त्यानं माझं सैल झालेलं बूच फिरवून घट्ट बसवलं, मला पुसलं आणि पुढच्या भाडेकऱ्यासाठी फळीवर नीट उभं केलं.

मित्रांनो, तुम्हीही तेवढं करत जा. ज्याची गरज संपली, त्याचंही बूच नीट लावून ठेवत जा.