चिकाची खळ

बन्सीलालला भिंतीवर कागद लावायचं खूळ कुठून लागलं, हे भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांत कुणालाच ठाऊक नव्हतं. पार्सल ऑफिसातला साधा कारकून. पण सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात तो जळगावहून काखेत गुंडाळ्या मारून आला, आणि उलगडून बघितलं तर आत तपकिरी-पिवळ्या पानांचं रान. परदेशातलंच असणार, कारण झाडं सगळी सरळ होती आणि खाली एकही शेळी चरत नव्हती.

त्याची बायको नर्मदाबाई नाही म्हणाली नाही. पुढच्या खोलीच्या भिंतीला दरसाल ओल यायची, पोपडे सुटायचे, आणि ती केरसुणी मारून मारून कंटाळली होती. रान तर रान, भिंत झाकली म्हणजे झालं.

नाक मुरडलं ते झुंबरबाईने. बन्सीलालची आई, साक्रीकडच्या खेड्यातून खास कुरडया घालायला म्हणून आलेली. मुलाच्या गुंडाळ्या डोळ्यांजवळ धरून बघत म्हणाली, "घरमा झाडे लावाले आंगण शे, भितवर कसाले?" तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले. रंगबिंग काही दिसत नव्हतं, झाडं तेवढी कळली. मुलाला काही म्हणायचं नसलं की ती सुनेकडे बघून बोलायची. नर्मदाबाईला ते मुळीच सोसायचं नाही, आणि दोघींचं घुमं भांडण आठवडाभर चालू होतं. तोंडाने गोड, भांड्यांची आदळआपट मात्र पार कोपऱ्यावर ऐकू जायची.

कागद लावायच्या दिवशी बन्सीलालने मैद्याची खळ करायला सांगितली. घरात मैदा नव्हता. पण कुरडयांसाठी गहू भिजवून, आंबवून, वाटून काढलेला चिक घंगाळात निवळत होता, आणि चिकासारखी चिकट वस्तू दुनियेत नाही. सासू देवळात पोथी ऐकायला गेली होती, ती दुपारशिवाय परतायची नव्हती. नर्मदाबाईने तिला न विचारता चिक काढला, पाण्यात घालून पातेलंभर शिजवला, हात दुखेपर्यंत घोटला. मग फडताळातल्या पुडीतला मोरचुदाचा निळा खडा कुटून त्यात टाकला.

ती यावलकडची. माहेरी केळीच्या बागा, आणि बागेवर फवारायला मोरचूद पोत्याने यायचं. बाजारातला पुस्तकं बांधणारा आपल्या खळीत ते टाकतो, म्हणजे कागदाला कसर लागत नाही, हे तिला माहीत होतं. ते किती वाईट असतं, हेही माहीत होतं. लहानपणी तिच्या डोळ्यांदेखत एका वासराने फवारणीचं पिंप चाटलं होतं, आणि पाय झाडत झाडत ते गोठ्याच्या दारात मेलं होतं. म्हणून तिने ठरवलं की उरलेली खळ लगेच फेकायची आणि पातेलं राखेने तीनदा घासायचं. सासूला सांगायचं मात्र तिने टाळलं. खाण्याचा चिक भिंतीला फासला असं कळलं असतं, तर म्हातारीने सगळी आळी गोळा केली असती.

काम झकास झालं. बन्सीलाल शिडीवर, नर्मदाबाई खाली. ती पट्टीच्या पाठीला खळ लावून वर द्यायची, तो वरून सोडायचा, आणि मग दोघं फडक्याने मधून कडेकडे दाबत हवा काढायची. रानाला रान जुळलं. कागद वाळेपर्यंत वारा लागू द्यायचा नाही म्हणून पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. बन्सीलाल जेवून ड्यूटीवर गेला. नर्मदाबाईचे हात कोपरापर्यंत खळीने माखले होते. तिने उरलेल्या खळीवर झाकण ठेवलं, पातेलं चुलीच्या कडेला सारलं आणि अंघोळीला गेली.

केस पुसत बाहेर आली, तर पातेल्यावर झाकण नव्हतं आणि पातेलं खरवडून स्वच्छ होतं.

आधी तिला वाटलं, सासूने घासायला काढलं असेल. मग ओट्यावर मिठाची बरणी उघडी दिसली, आणि ती तशीच दाराकडे धावली.

झुंबरबाई दारात बसून पदराने वारा घेत होती. चेहऱ्यावर समाधान. देवळातून आले तर चिक शिजवून तयार, असं ती सांगत होती. तू न्हायला गेलीस, तो थंड होऊन जाईल, आणि पहिल्या घाण्याचा चिक शेजारच्या पोरांच्या तोंडी लागल्याशिवाय कुरडई तेलात फुलत नाही, हे काय तुला माहीत नाही? मग लाडाने आवाज खाली आणून म्हणाली, "मीठ टाकाले भुली गयी व्हती तू. मी टाकं. कोनले सांगं नही."

नर्मदाबाईच्या हातातून टॉवेल पडला. तिने विचारलं, की आत्या, कुणाकुणाला दिलं?

द्रौपदाबाईले, भिकनना पोरेस्ले, कोपरावरनी ताईबाईले. म्हातारी बोटं दुमडून मोजत होती, पण नर्मदाबाईने पुढचं ऐकलंच नाही. "आत्या, ती खळ होती. त्यात विष आहे, मोरचूद," एवढं बोलून ती ओल्या केसांनी, अनवाणी धावत सुटली.

द्रौपदाबाईचं दार उघडंच होतं. ती गार्डाची बायको, बोलण्यात भारी चोख. तिच्या ओट्यावर वाटी ताटलीखाली झाकलेली होती, मुलगा शाळेतून आला की द्यायची म्हणून. नर्मदाबाईने वाटी उचलली आणि सरळ मोरीत उपडी केली. द्रौपदाबाई आधी चिडली, दिलेलं परत घ्यायची ही कुठली रीत म्हणून. कारण ऐकलं तेव्हा ती मटकन खाली बसली. वरून म्हणाली, मला वाटलं यंदा तुम्ही रंगीत कुरडया घालताय, म्हणून निळसर दिसतंय.

तेच तर. त्या काळी गुलाबी-हिरव्या कुरडयांची टूमच निघाली होती. निळ्या रंगाने कुणी दचकलं असतं तर दचकलं असतं, पण कुणीच दचकलं नाही.

भिकन फिटरच्या घरी त्याची दोन्ही पोरं वाटी पुढ्यात घेऊन बसली होती. धाकट्याने बोट चाटून कडू आहे म्हणत भोकाड पसरलं होतं, आणि त्याची आई नखरे पुरे म्हणत वर साखर पेरत होती. नर्मदाबाईने तिच्या हातातला चमचा हिसकावला, वाटी मोरीत उपडी केली. धाकट्याच्या तोंडात बोट घालून पुसून काढलं, चूळ भरायला लावली. थोरल्याने अजून तोंड लावलं नव्हतं, धाकट्याने चाटलं होतं ते बोटाच्या टोकाएवढं. एवढंसुद्धा पुरेल का, हे तिला माहीत नव्हतं. वासराने किती चाटलं होतं ते तेव्हा कुणी मोजलं नव्हतं.

आता कोपऱ्यावरची ताईबाई. तिच्या घरी एकच पोर, बेबी. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी नवसाने झालेली, पाच वर्षांची, तोळामासा. खाऊ म्हटलं की नाही म्हणायची, पण चिक बघितला की हात पुढे करायची. शेजारपाजारात पहिली वाटी नर्मदाबाई दरसाल तिलाच देत आली होती.

ताईबाईच्या दाराला कुलूप होतं.

समोरच्या ओट्यावरची बाई म्हणाली की ती आत्ताच गेली, यावलची एसटी धरायला, माहेरी. पोरगी चिक चिक करत होती म्हणून डब्यात भरून घेतलाय, वाटेत खाईल.

नर्मदाबाईला डोळ्यांपुढे काही दिसेना. बेबी खिडकीशी बसून डबा उघडते आहे, एवढंच दिसत होतं. आपण पोरीला मारलं, हे एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. भर दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोपऱ्यावरच्या निंबाखाली वना टांगेवाल्याचा टांगा तेवढा उभा होता, आणि वना त्यातच पाय वर करून झोपला होता. तिने त्याला हलवून उठवलं. टांगा वळला तो तिच्याच दारावरून.

दारात झुंबरबाई उभी होती. चौकट घट्ट धरून. टांगा बघून ती एक पायरी उतरली, हात वर केला.

"ऐक ना, माय..."

"आत्या, आत्ता नको. बेबी गाडीत बसलीय," नर्मदाबाई ओरडली.

म्हातारीचा हात तसाच वर राहिला. मग तिने तो खाली घेतला. "जा, जा. बेगी जा," ती म्हणाली आणि चौकटीला पाठ टेकून उभी राहिली.

स्टँडपर्यंतचा रस्ता नर्मदाबाईने टांग्याच्या कडेला लोंबकळतच काढला. वना घोड्याला हाकारत होता, आणि ती आपल्या गावच्या देवापासून रेल्वेच्या हनुमानापर्यंत सगळ्यांना हाका मारत होती. एरवी ती देवाशीसुद्धा ताठ्याने वागायची. आज काय हवं ते कबूल करत सुटली. कागद फाडीन, भिंत तशीच ठेवीन, सासूला उलट बोलणार नाही.

यावलची गाडी लागलेली होती आणि कंडक्टर घंटी मारायच्या बेतात होता. नर्मदाबाई मागच्या दाराने चढली आणि माणसं, गाठोडी, कोंबडीची पाटी तुडवत पुढे गेली. खिडकीशी बेबी होती. मांडीवर डबा होता. झाकण उघडं होतं आणि हातात चमचा होता.

तिने डब्यावर हात मारला. डबा उडून समोरच्या म्हाताऱ्याच्या धोतरावर पडला, पोर किंचाळली आणि ताईबाई उठून तिच्या अंगावर धावून आली. नर्मदाबाईने पोरीचा जबडा धरून तोंडात बघितलं. जीभ गुलाबी होती.

"खाल्लं का? बेबी, खरं सांग, खाल्लं का?"

पोर रडत मान हलवत होती. ताईबाईने सांगितलं तेव्हा कुठे कळलं. बेबीला गाडी लागते, म्हणून तिने दम दिला होता की तापीचा पूल ओलांडेपर्यंत एक घास खायचा नाही. पोरगी मघापासून चमचा धरून पुलाची वाट बघत होती, आणि गाडी अजून स्टँडवरच होती.

नर्मदाबाई तिथेच, गाडीच्या मधल्या वाटेत, खाली बसली आणि मोठ्याने रडली. लोक बघत होते. बघू देत. कंडक्टरने घंटी मारायची थांबवून तिला उतरवलं, कुणीतरी पाणी दिलं. परत येताना टांग्यात तिला इतकं हलकं वाटत होतं की वना विचारत होता ते त्याच्या पोरीच्या लग्नाचं सगळं तिने नीट ऐकून घेतलं, सल्लासुद्धा दिला. सासूला आता सगळं खरं सांगायचं, चिक चोरल्याचंसुद्धा, असं तिने ठरवलं.

दारात कुणी नव्हतं.

पुढच्या बंद खोलीत उकडून निघालं होतं. कागदाची एक पट्टी वरून सुटली होती आणि पिवळं रान अर्ध्या भिंतीवर पालथं लोंबत होतं. त्याच्याखाली, जमिनीवर, झुंबरबाई कुशीवर पडलेली. तोंडाजवळ हिरवट-निळं पाणी. पदर त्याच पाण्याने भिजलेला, ओठ पांढरे पडलेले.

नर्मदाबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. अंग गार लागत होतं. बस स्टँडवर ती घाबरली होती, पण हे निराळं होतं. मघापासून तिने आळीतल्या प्रत्येक दारात विचारलं होतं, खाल्लं का. स्वतःच्या दारात विचारायचं राहिलं होतं. घरात चिक शिजला की पहिली वाटी घरातल्या म्हाताऱ्या माणसाची, मग शेजारपाजार. ही रीत तिच्या माहेरीही होती आणि सासरीही होती. आणि मिशेरी लावून लावून बोथट झालेल्या जिभेला कडूगोड काय कळणार.

म्हातारीने डोळे उघडले. ओठ हलले.

"पोर बरी शे का?"

"बरी आहे, आत्या. सगळी बरी आहेत. कुणी खाल्लं नाही."

झुंबरबाईने डोळे मिटून घेतले. दारात वना अजून भाड्यासाठी खोळंबला होता. नर्मदाबाईने हाक मारली, तसा तो आत आला, आणि दोघांनी तिला उचलून टांग्यात घातलं. रेल्वेच्या हॉस्पिटलपर्यंत नर्मदाबाई तिच्याशी बोलत राहिली. उत्तर येईना, तरी बोलत राहिली, कारण थांबलं तर काय होईल याची तिला भीती वाटत होती.

वांत्यांनीच वाचल्या, असं डॉक्टर म्हणाले. पोटात राहिलं असतं तर कठीण होतं. बन्सीलाल ड्यूटीवरून धावत आला आणि कॉटच्या पायथ्याशी नुसता उभा राहिला. एकदाच हळूच म्हणाला, की कागद काढून टाकतो.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाईला उठवून बसवलं. नर्मदाबाई चमच्याने ताक पाजत होती. मनात रात्रभर खुपत होतं, ते तिने विचारलं. "तुम्ही तेव्हा दारात उभ्या होतात. खळीत विष आहे, हे मी तुम्हाला सांगून गेले होते. मग मीही खाल्लंय, एवढं म्हणाला का नाहीत?"

झुंबरबाईने ताक गिळलं. या सुनेला साधं कळत नाही, असं तिच्या तोंडावर होतं. नेहमीचंच.

"टांगा एकच व्हता, माय," ती म्हणाली.

नर्मदाबाईने चमचा पुन्हा भरला, पण तो तोंडापर्यंत नेता येईना. म्हातारीने तिचा हात धरला आणि स्वतःच ताक पिऊन टाकलं.