फळीवरची देवी

कमलाकांतनं लांब फळी स्पीकरच्या मोठ्या बॉक्सखाली सरकवली, बाहेर राहिलेल्या टोकावर स्वतः उभा राहून पाहिलं आणि भिंतीपाशी बसलेल्या जमनाला हातानं खुणावलं, ‘ये, चढ.’

जमना चपला काढून चढली. फळीवर पाय ठेवला मात्र, ठोका तिच्या तळव्यांत शिरला. तिथून पोटऱ्यांत, मग पोटात. छातीपर्यंत आला तेव्हा तिनं डोळे गच्च मिटून घेतले आणि हसली. तिला असं हसताना बोईसरमध्ये कुणीच पाहिलं नव्हतं.

ती तारापूरकडच्या मच्छीमारांची मुलगी. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि कान गेले ते गेलेच. लग्न झालं नाही, आईबाप राहिले नाहीत, म्हणून बोईसरच्या कापड गिरणीत सुताच्या कांड्या भरायला लागली. मागाच्या खात्यात तिला कमीपणा नव्हता. तिथं एवढा खडखडाट, की चांगल्या कानांची माणसंही हातवारे करूनच बोलत, आणि हातवाऱ्यांत जमनाला कोण हरवणार! पण पाळी सुटून गेटबाहेर पडलं, की सगळ्यांच्या जिभा मोकळ्या व्हायच्या आणि ही बापडी एकटी पडायची. चाळीतल्या खोलीत तर भिंतींशिवाय सोबत नव्हती. शेजारची साखरबाई मायाळू होती, पण तिला तोंड बंद ठेवून बोलता येत नसे.

कमलाकांत उमरोळीचा साउंडवाला. नवरात्रात चाळीच्या अंगणात त्याचे बॉक्स लागायचे. तेव्हा डिस्को दांडियाचं खूळ नवीन होतं. पहिल्याच माळेला त्यानं पाहिलं, की सगळे कानांवर हात ठेवून बॉक्सपासून लांब पळतात आणि ही एक बाई येऊन बॉक्सलाच पाठ टेकते.

“ती बहिरी हाय,” कुणीतरी त्याला सांगितलं. “तिला काय कळतंय?”

“कळतंय म्हणून तर येते,” तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी घरून फळी घेऊन आला.

मग रोज संध्याकाळी, दिवेलागण झाली की जमना फळीवर. नाचणारे नाचत आणि ही कडेला जागच्या जागी डुलत असे. एक गाणं संपून दुसरं लागलं, की कमलाकांतकडे पाहून मान हलवायची, ‘हे चांगलंय.’ तोही मान हलवायचा. एवढंच त्यांचं बोलणं, पण दिवसभर ती त्या बोलण्याची वाट पाहत कांड्या भरायची.

अष्टमीला घोटाळा झाला. कमलाकांतनं नवं मशिन आणलं होतं आणि ठोका असा काही दणदणीत लागला, की जमनाचं भान हरपलं. अंबाडा सुटला, केस तोंडावर आले, खांदे थडथडू लागले, घशातून ‘हूं हूं’ असा हुंकार निघू लागला. साखरबाईनं ते पाहिलं आणि हातातलं ताटच खाली ठेवलं.

“अगो बायांनो, धावा गो! जमनीच्या अंगात आलं!”

गाणं थांबलं. ठोका का तुटला म्हणून जमनानं डोळे उघडले, तर समोर बायकाच बायका. कुणी तिच्या कपाळावर कुंकू माखत होती, कुणी पायांवर पाणी घालत होती. आधी ती भेदरली. पण मग साखरबाईनं तिचा हात दोन्ही हातांत धरला, एकीनं लेकरू तिच्या पायांवर घातलं. खोटं कशाला बोला, जमनाला बरं वाटलं. किती वर्षांत तिला कुणी असं हात लावला नव्हता.

नवमीला बायका तिला न्यायला खोलीवर आल्या. नवी साडी, गजरा, सगळा थाट. जमनानं खुशीनं नेसून घेतलं. पण अंगणात येताच त्यांनी तिला फळीकडे न नेता देवीशेजारच्या खुर्चीत बसवलं. गळ्यात हार घातला, ओटी भरली. गाणी चालू होती, पण फळी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला रिकामी होती. जमना उठायला गेली, की दहा हात तिला अदबीनं खाली बसवत होते.

शेवटी तिनं जे कधी करत नसे ते केलं. ती बोलली. तिचा आवाज घोगरा, शब्दांची शेपटं तोंडातच राहायची.

“बॉक… बॉक…”

खुर्चीभोवतीच्या बायका कान देऊन पुढं वाकल्या.

“बोकड!” साखरबाईनं छातीवर हात ठेवला. “आई बोकड मागते हाय!”

मंडळाच्या एकनाथरावांचा चेहरा पडला. “इथं बोकड कसा कापायचा? चाळीत माळकरी हायत, गुजराती मंडळी हायत.”

“बोकड नाय वो,” कमलाकांत लांबून ओरडला. “बॉक्स म्हणते ती! तिला हिकडं यायचंय!”

“देवी बॉक्स कशाला मागंल? तू तुझं मशिन बघ!” एकनाथराव खेकसले.

बोकडाऐवजी कोहळा चालतो, असं जाणत्या बायकांनी ठरवलं. एकनाथरावांनी कोयत्यानं कोहळा फोडला, कुंकू लावून एक भकल जमनाच्या मांडीवर ठेवलं. जमनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं भकल बाजूला सारलं आणि हात लांब करून बॉक्सकडे बोट दाखवत राहिली.

“कळलं गो आई, कळलं!” साखरबाई उठलीच. “आवाजाचा तरास होतोय तुला. अरे, बारीक करा ते! देवीला सोसत नाय!”

कमलाकांत हलला नाही. तो जमनाकडे पाहत राहिला. तेव्हा एकनाथराव स्वतः गेले, त्याला बाजूला केलं आणि बटण पिरगाळलं.

खुर्चीजवळ देवीपुढं पाण्याचा तांब्या होता. इतका वेळ त्यातलं पाणी थरथरत होतं. जमनाच्या डोळ्यांदेखत ते स्थिर झालं. दांडिया फिरत होत्या, पावलं पडत होती, पण तिच्यापर्यंत काहीच येत नव्हतं.

ती खुर्चीतून खाली उतरली. या वेळी तिला कुणी अडवलं नाही. हार सावरत ती गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळहात शहाबादी फरशीवर टेकवले. फरशी गार होती. तिनं तळहात आणखी जोरानं दाबले, मग वाकून गालही टेकवला आणि तशीच थांबून राहिली.

साखरबाईनं पदर डोक्यावर घेतला. “आई भूमीला नमस्कार करते हाय,” ती हळूच म्हणाली, आणि जमनाच्या मागं साऱ्या बायका रांगेनं वाकल्या.