विलायती बटाटा आणि उडालेली कल्हई

मी एक जुनी पितळी लंगडी आहे, मित्रांनो. हसलात ना? हसा. मुलं एका पायावर उड्या मारत खेळतात ती लंगडी मी नव्हे. सपाट बुडाचं, उभ्या काठांचं, बेताच्या उंचीचं भांडं असतं, त्यालाही लंगडीच म्हणतात. मला दोन बाजूंना दोन जाड कड्या आहेत आणि काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं आहे, 'सौ. मनोरमा'. एकदा माझ्या पोटातला घास एका मुलीच्या ओठांपर्यंत जाऊन पोचला होता आणि मी मनातल्या मनात सगळ्या देवांचा धावा करत होते. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. का सांगायची आहे, ते शेवटी कळेल.

माझा जन्म भंडाऱ्याचा. भंडारा म्हणजे पितळेचं गाव. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला हातोड्याचे घाव सोसून नुसतं लंगडीपण आलं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. घडून झाल्यावर मला विस्तवावर तापवलं, नवसागर टाकून धूर काढला आणि आतून कथील फिरवलं. झाली कल्हई! बाहेरून मी पिवळीधमक, आतून पांढरीशुभ्र. तो पांढरा लेप शोभेचा नसतो बरं का. दही, चिंच, लिंबू असलं आंबट काही उघड्या पितळेला लागलं की अन्न कळकतं, आणि कळकलेलं अन्न पोटात गेलं की ओकाऱ्यांनी धट्टाकट्टा माणूस आडवा होतो. लहान मुलाची तर खात्री देता येत नाही. म्हणून पितळेचं शहाणपण आतल्या अंगाला असतं.

मनोरमाबाईंच्या रुखवतात बसून मी नागपूरला आले. त्यांचे यजमान नरहरराव सचिवालयात कारकून होते. बाई मिशनच्या शाळेत शिकलेल्या. तिथे शिवण शिकवणाऱ्या मिसकडून त्या एक पदार्थ शिकून आल्या होत्या. उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, त्यावर लोण्यात मैदा परतून दूध घालून केलेला दाट रस, त्यावर किसलेलं चीज, पुन्हा चकत्या, पुन्हा रस, आणि सगळ्यात वर चीजची जाड साय. भट्टी कुठून आणायची? बाई मला मंद शेगडीवर ठेवायच्या आणि झाकणावर निखारे पसरायच्या. खाली विस्तव, वर विस्तव. झाकण काढलं की वरचा थर खरपूस तांबूस व्हायचा आणि वास थेट चौथ्या घरी जायचा. घरात त्याला विलायती बटाटा म्हणत. बारसं असो, डोहाळजेवण असो, 'मनोरमाबाई, तुमची लंगडी घेऊनच या हं!' असं निमंत्रण यायचं. खरं सांगते, मला थोडा गर्व झाला होता.

मग छप्पन्न साल आलं. राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूरची राजधानी गेली आणि तिच्या मागोमाग तिचे कारकूनही गेले. नरहररावांना भोपाळचा हुकूम आला. त्यांचा मुलगा विश्वास ओव्हरसियर होता, त्यालाही तिथेच बांधकामावर घेतलं. विश्वासचं लग्न नुकतंच झालं होतं, सुचेता नावाची गोड, कामसू मुलगी घरात आली होती. मला एका गोणपाटात बांधलं. शेजारी कोळशाचं पोतं. गाडी हलेल तशी त्याची काजळी माझ्या अंगावर, आणि आतही. कल्हई करून दोन वर्षं होऊन गेली होती. ती पातळ झाली होती, पण होती.

भोपाळात नवे क्वार्टर, ओल्या चुन्याचा वास, दारापुढे लाल मुरूम आणि चार घरांत एक नळ. शेजारच्या घरात ग्वाल्हेरहून आलेल्या कांचनबाई. त्याही मराठीच, पण त्यांची मराठी ग्वाल्हेरची, हिंदीची फोडणी दिलेली. आता गंमत बघा. नव्या राज्यात नागपूरचे, ग्वाल्हेरचे, इंदूरचे, भोपाळचे असे सगळे कारकून एकत्र आले, आणि ऑफिसात कोण वरचा, कोण खालचा याची रस्सीखेच सुरू झाली. ऑफिसातली ती भांडणं संध्याकाळी घरी यायची आणि सकाळी नळावर उतरायची.

एके दिवशी हंडा आधी कुणी लावायचा यावरून कांचनबाई म्हणाल्या, "नागपूरवाले राजधानी घालवून आले, पण तोरा काही घालवून नाही आले!"

मनोरमाबाई काय गप्प बसणार? "आणि तुमचा दरबार बुडाला, तरी पगडी उतरेना!" त्या म्हणाल्या.

झालं. दोन घरांचं बोलणं बंद. कांचनबाईंची सहा वर्षांची वंदना आमच्या दारात आली, तरी तिची आई हाक मारून तिला परत न्यायची.

असेच चार महिने गेले असते, वर्षही गेलं असतं. पण सुचेताला दिवस राहिले. तिला आई नव्हती, वडील कुठल्याशा आडस्टेशनावर स्टेशनमास्तर. बाळंतपण इथेच व्हायचं होतं. गाव परकं, दवाखाना लांब, नात्यातलं माणूस जवळपास नाही. एका रात्री मनोरमाबाई नरहररावांना म्हणाल्या, "कळा सुरू झाल्या तर मी कुणाचं दार वाजवू? शेजारचंच ना? आणि तेच मी बंद करून घेतलंय."

"मग उघडा," नरहरराव म्हणाले. "तुम्हाला कोण अडवतंय?"

बाईंनी संक्रांतीनंतरच्या रविवारी अंगतपंगत ठरवली. प्रत्येक घराने आपापला पदार्थ आणायचा आणि सगळ्यांनी अंगणात एकत्र बसून जेवायचं. कांचनबाईंकडे त्या स्वतः गेल्या. कांचनबाई "बघते" एवढंच म्हणाल्या. पण 'नाही' म्हणाल्या नाहीत.

विलायती बटाट्याशिवाय कसली पंगत? नागपूरहून आणलेला चीजचा एकच डबा शिल्लक होता, आणि पानं तीस. बाई जवाहर चौकात गेल्या. दुकानदार म्हणाला, "बहनजी, ऐसी चीज़ यहाँ कहाँ! दही ले जाइए, अच्छा है." बाईंनी विचार केला, दह्याचा चक्का करून रसात घालावा, म्हणजे चीजसारखी आंबूस चव येईल. त्यांनी भरपूर दही आणलं आणि फडक्यात टांगून ठेवलं.

इकडे शनिवारी दुपारी सुचेताने मला गोणपाटातून काढलं. आत बघते तर काळपट, मळकट. सासूबाईंना खूश करायचं होतं तिला. तिचं लहानपण रेल्वेच्या घरांत गेलं, भांडी सगळी जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची. कल्हई म्हणजे काय, हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तिने चिंच घेतली, राख घेतली, विटेची पूड घेतली आणि काथ्याने मला घासायला बसली. आधी बाहेरून. हायसं वाटलं मला. मग आतून. मला वाटलं, काजळी गेली की थांबेल. काजळी गेली. पांढरं दिसलं. तिला तो डागच वाटला! ती आणखी जोर लावू लागली. 'अगं पोरी, थांब!' मी ओरडत होते, पण भांड्याचा आवाज नुसता खण्ण होतो. माझी उरलीसुरली कल्हई राखेच्या पाण्याबरोबर मोरीत गेली. आतून-बाहेरून सोन्यासारखी झाले मी. सुचेताने मला पालथं घालून ठेवलं.

संध्याकाळी बाईंनी मला पाहिलं, ते पालथंच. "अगंबाई, केवढी चकचकीत केलीस गं! इतकी तर माझ्या लग्नात नव्हती," त्या म्हणाल्या. सुचेता लाजून हसली. मित्रांनो, आयुष्यात मला पुष्कळ शाबासक्या मिळाल्या, पण त्या शाबासकीची जेवढी भीती वाटली तेवढी कशाचीच वाटली नाही.

रविवार उजाडला. बाईंनी रस दुसऱ्या पातेल्यात केला, चक्का घोटून त्यात घातला, आणि तेवढ्यात बाहेरून हाक आली की सतरंज्या कमी पडतायत. "सुचेता, लंगडीला लोणी लाव आणि थर रच," असं सांगून त्या गेल्या. सुचेतावर पहिल्यांदाच एवढं काम सोपवलं होतं. तिने किती मन लावून चकत्या मांडल्या! बूड झाकलं, काठ झाकले. बाई परत आल्या तेव्हा वरून चीज पसरलेलं होतं आणि माझं पितळ दिसायला जागाच उरली नव्हती.

खाली विस्तव, वर निखारे. लोणी वितळलं आणि चक्क्याचं आंबट माझ्या उघड्या अंगाला भिडलं. ते मला चावत होतं आणि मी त्यात उतरत होते. ज्यांच्यासाठी मी इतकी वर्षं रांधलं, त्यांच्यासाठी मी आता विष शिजवत होते. जळून काळी पडले तर टाकून देतील, असं वाटून मी खूप तापायचा प्रयत्न केला. पण बाईंचा विस्तवावरचा हात पक्का. दर थोड्या वेळाने येऊन निखारे सारखे करायच्या. वरचा थर नेहमीसारखाच खरपूस झाला. वास तर इतका सुटला की मुलं दारात येऊन उभी राहिली.

अंगणात पंगत बसली. कांचनबाई आल्या होत्या! चेहरा घट्टच होता, पण हातात झाकलेलं पातेलं होतं आणि वंदनाच्या केसांत फूल होतं. बाईंच्या डोळ्यांत एकदम पाणी उभं राहिलं. मला उचलून पंगतीत आणलं. सुचेताही मुलांशेजारी टेकली होती. तिलाही वाढणार होते, पोटातल्या बाळासकट. मला काही सुचेना.

"पहिला मान वंदनाचा," मनोरमाबाई म्हणाल्या. त्यांनी कालथा घातला, काठालगतचा एक तुकडा उचलला आणि वंदनाच्या ताटात ठेवला. कांचनबाईंच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. सगळ्यांनी पाहिलं ते. दोन महिन्यांची गाठ आता सुटणार, असं सगळ्यांनाच वाटलं.

बाई दुसरा तुकडा काढायला वळल्या. आणि तुकडा निघालेल्या रिकाम्या जागेतून मी त्यांना दिसले. पिवळी. त्या पिवळ्यावर कडेने एक बारीक हिरवट रेघ.

बाईंचा हात जागच्या जागी थांबला. एका बाजूला वंदनाने घास उचलला होता. तो तिने फुंकला. तो ओठांशी नेला. दुसऱ्या बाजूला तिची आई बसली होती, जिला बाईंनी नाक मुठीत धरून बोलावलं होतं. बाईंनी कालथा टाकला आणि वंदनाच्या हातावर फटका मारला. घास उडाला, ताट कलंडलं. वंदनाने भोकाड पसरलं.

कांचनबाई ताडकन उठल्या. "हे काय चाललंय? बच्ची आहे ती! द्यायचं नव्हतं, तर बोलावलं कशाला? तमाशा करायला?"

"गिळलं का तिने? आधी सांगा, गिळलं का?" मनोरमाबाईंनी गुडघ्यावर बसून वंदनाचं तोंड उघडून पाहिलं. तोंडात कणही नव्हता. मग त्यांना धीर आला. त्यांनी पदराने माझी कडी धरली आणि मला सगळ्यांसमोर वाकडं केलं. "कल्हई नाहीये हिला. आणि आत चक्का आहे. सगळं कळकलंय. कुणी बोट लावू नका."

पंगतीतली एकूण एक बाई त्या शब्दाने चपापली. सुचेताचा चेहरा पांढरा पडला. ती उठून काही बोलणार, एवढ्यात बाईंनी तिच्याकडे न बघताच तिचा हात दाबून धरला.

"चूक माझी आहे," मनोरमाबाई म्हणाल्या. "कल्हई करून घ्यायची राहिली माझ्याकडून. कांचनबाई, तुमच्या लेकीवर हात उचलला. काय बोलायचं ते बोला."

कांचनबाई जवळ आल्या. माझ्यात वाकून पाहिलं. विटेच्या पुडीचे ताजे ओरखडे त्यांना दिसले. मग बाईंनी दाबून धरलेला तो हात दिसला. कुणा एकीकडे न बघता त्या म्हणाल्या, "मी सासरी आले ना, तेव्हा पहिल्याच महिन्यात कढीचं अख्खं पातेलं असं घासलं होतं. आतून. वाटलं, सासू शाबासकी देईल."

"मग?" सुचेताने हळूच विचारलं.

"मग काय! माझी सासू तुझ्या सासूसारखी नव्हती," कांचनबाई म्हणाल्या आणि त्यांनी सुचेताचे डोळे आपल्या पदराने पुसले. "चल, ऊठ. उपाशी नको बसू अशा दिवसांत. माझी खिचडी आहे ना."

माझ्यातला बटाटा खड्डा खणून पुरला, कुत्र्यामांजरांनीही खाऊ नये म्हणून. चीजचा शेवटचा डबा गेला. पण त्या दुपारी पंगत खूप वेळ रेंगाळली. दुसऱ्या दिवशी कांचनबाईंनीच कल्हईवाला शोधून आणला. आणि पुढे पावसाळ्यात, सुचेताच्या उदयचा जन्म झाला त्या पहाटे, मनोरमाबाईंना त्यांचं दार वाजवावं लागलं नाही. ते आधीच उघडं होतं.

मित्रांनो, आता शेवटचं. मनोरमाबाई गेल्या, कांचनबाई गेल्या, गेल्या वर्षी सुचेताही गेली. उदयच्या अरेरा कॉलोनीतल्या घरात मी काचेच्या कपाटावर बसलेली असते. भोपाळात कल्हईवाल्याची हाक ऐकून मला किती वर्षं झाली, आठवत नाही. उदयची सून वसुधा गुणी आहे. सुचेतामागे आलेल्या दिवाळीला तिने मला पावडरने घासलं, बाहेरून आणि आतून. काल ती फोनवर कुणाला तरी सांगत होती, "आजेसासूबाईंची लंगडी आहे ना, या रविवारी पार्टीला विलायती बटाटा तिच्यातच करते. हो, थोडं दही घालून."

भांड्याची चमक बघताना आधी आत डोकवावं, एवढंच माझं मागणं आहे. पण ते वसुधाला सांगणारं घरात कुणी उरलं नाही, आणि माझा आवाज नुसता खण्ण होतो. तुम्हाला जीभ आहे. तुमच्यापैकी कुणी अरेरा कॉलोनीत राहत असेल, तर रविवारच्या आत तिचं दार वाजवा आणि एवढंच विचारा, "ताई, कल्हई केलीस का?"