मी विश्वासार्ह ठरले

मी एक जुनी प्रश्नावली आहे. तरुण मुलं ऑनलाइन खरेदी खरंच करणार आहेत की नुसतीच बघत बसणार आहेत, हे मोजायला मला जन्माला घातलं. मला घडवणाऱ्या मॅडम एका महाविद्यालयात शिकवत आणि मोठ्या पदवीसाठी संशोधन करत. माझा एकेक शब्द त्यांनी जिवापाड जपला. 'आवडलेली वस्तू मी ऑनलाइन विकत घेईन' हे माझं लाडकं वाक्य. त्यापुढे पाच चौकोन, 'पूर्ण सहमत'पासून 'पूर्ण असहमत'पर्यंत.

मित्रांनो, कामाला लावण्याआधी आमचीही परीक्षा होते; उत्तरं एकमेकांशी जुळली, तरच आम्ही विश्वासार्ह. मॅडमनी माझ्या प्रती आपल्याच वर्गात वाटल्या. मागच्या बाकावर एक मुलगी होती. बोलायची कमी, म्हणून पोरं तिला 'मुकी' म्हणत. बाकीच्यांनी डोळे झाकून खुणा केल्या. तिनं मात्र मला मन लावून वाचलं. लाडक्या वाक्यापुढे तिनं दोन्ही टोकांच्या चौकोनांत खुणा केल्या आणि कडेला लिहिलं, 'मला घ्यायचं असतं. पण फोन दादाचा आहे. मी निवडलेलं तो हसत हसत काढून टाकतो.'

शेजारी बसलेल्या मुलीनं कागद हिसकावला आणि मोठ्यानं वाचला. "अगं बाई, मुकीला वाचा फुटली!"

वर्ग खो खो हसला. मला वाटलं, मॅडम दटावतील. तोंडावर हात धरून त्याही हसल्या.

पुढे त्यांच्या मार्गदर्शक सरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "एकाच ओळीत दोन खुणा? काढून टाका हिला. आकडे बिघडतात."

"पण सर, खरं लिहिलंय तिनं."

"तुम्हाला खरं हवंय की पदवी?"

मॅडमनी माझी ती प्रत टराटरा फाडली. आकडे लगेच सुधारले. मी विश्वासार्ह ठरले. सरांनी पाठ थोपटली, दुसऱ्या महाविद्यालयांनी मला मागून नेलं.

एक दिवस मुकी स्वतःहून मॅडमच्या टेबलाशी आली. "मॅडम, मी लिहिलेलं उपयोगी पडलं का?"

"हो गं, खूप," मॅडम मान वर न करता म्हणाल्या.

ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पदवी मिळाली आणि मी मॅडमच्या खोलीतल्या कपाटावर जाऊन पडले. वाळवीनं माझे कोपरे खाल्ले. त्याचं काही नाही. मित्रांनो, एवढंच मागते, कुणाला काही विचारलंत तर त्याचं उत्तर जपा. ती मुलगी अजून दारात येऊन विचारते, "मॅडम, नवीन काही भरायचं आहे का?"

"सांगते हं," मॅडम म्हणतात.